रुग्णवाहिकेला वाट करून दिली

क्रिकेटचा मोठा अंतिम सामना असला की विजयाच्या जल्लोषाची बातमी विजयाच्या आधी लिहून तयार असते. एका मराठी दैनिकाच्या शहर पानावर मी निवृत्तीपर्यंत काम केलं. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग विश्वास ठेवत नाही.

यात लबाडी नसते, छपाईची अडचण असते. सामना संपतो आणि पान छपाईला सोडायची वेळ होते, या दोन्हींत फारसं अंतर राहत नाही. बातमीदार गर्दीत अडकलेला, फोन लागत नाही. म्हणून डेस्कवर, म्हणजे जिथे बसून बातम्या तपासतात आणि पानं लावतात तिथे, दोन मजकूर तयार ठेवायचे. जिंकलो तर, ‘शेवटचा चेंडू पडताच तरुणाई रस्त्यावर उतरली. ढोल-ताशांचा गजर, फटाक्यांची आतषबाजी आणि दुचाकींवर फडकणारे तिरंगे यांनी अवघे शहर दुमदुमले.’ हरलो तर, ‘शहरात शुकशुकाट.’ चौकांची नावं आणि एखादा ताजा तपशील ऐन वेळी भरायचा. माझा अनुभव असा की या दोन्हींतला शुकशुकाटाचा मजकूर नेहमी जास्त अचूक निघायचा.

विजयाच्या मजकुरात एक वाक्य हमखास असायचं. ‘एवढ्या गर्दीतही तरुणांनी रुग्णवाहिकेला वाट करून देत माणुसकीचे दर्शन घडवले.’ हे वाक्य मूळचं विसर्जन मिरवणुकीचं. तिथून ते दहीहंडीत आलं, मग क्रिकेटमध्ये. वाचकांना ते आवडतं. ते छापलं नाही तर फोन येतात, की आमच्या चौकातून रुग्णवाहिका गेली, तुम्हाला दिसली नाही का?

तोडफोडीसाठी मात्र आमच्याकडे धड शब्द नव्हता. ‘दंगल’ म्हणायला दोन बाजू लागतात. इथे एकच बाजू असते, आणि ती जिंकलेली असते. बसच्या काचा फुटल्या, टपरी पेटली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, तर आम्ही लिहायचो, ‘उत्साहाला गालबोट लागले.’ गालबोट म्हणजे बाळाला दृष्ट लागू नये म्हणून लावलेला काजळाचा ठिपका. जळलेल्या टपरीला आम्ही ते म्हणत होतो आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

लोकांनाही तसंच हवं असायचं. एका विजयानंतर बुधवार पेठेतल्या एका मिठाईवाल्याचं दुकान जमावाने साफ केलं. ताटं गेली, तराजूही गेला. मी गेलो तेव्हा मालक फुटलेल्या काचेच्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसले होते.

“लुटलं म्हणून छापू नका,” ते म्हणाले.

“मग काय छापू?”

“मी वाटले म्हणून छापा. विजयाच्या आनंदात पेढे मोफत वाटले. लुटलं छापलंत तर पुढच्या वेळी पुन्हा येतील. वाटले छापलंत तर निदान पुण्य तरी लागेल.”

“पुढच्या वेळी रांग लावून येतील,” मी म्हणालो.

“रांग लावली तर देईन की. पुण्यात रांग कोण लावतंय?”

दुसऱ्या दिवशी ‘मिठाई विक्रेत्याकडून पेढेवाटप’ असं दोन ओळींत आलं. त्यांनी कात्रण गल्ल्यामागे चिकटवलं. तराजूबद्दल कुठेच काही आलं नाही.

हे इतकं सांगण्याचं कारण आमच्या इमारतीतले केतकर.

केतकर माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. शाळेत चित्रकला शिकवायचे. नारायण पेठेत जन्म गेला, त्यामुळे कुणाचं कौतुक करताना त्यांना त्रास व्हायचा. माझ्या पेपरबद्दल त्यांचं मत होतं, “तुमच्यात बिनचूक असते ती तारीख. तीही वरच्या कोपऱ्यात ठेवता, कुणाला दिसू नये म्हणून.” सामना बघताना ते टीव्हीशी भांडायचे. समालोचकाला उलट उत्तर द्यायचे, कर्णधाराला क्षेत्ररचना शिकवायचे. त्यांच्या पत्नी, सुनंदावहिनी, स्वयंपाकघरातून म्हणायच्या, “अहो, त्याला ऐकू जात नाहीये.” त्यावर हे म्हणायचे, “तरी सांगणं आपलं काम आहे.”

अलीकडचाच एक अंतिम सामना. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा शेवटची षटकं चालू होती. सुनंदावहिनींनी खालून हाक मारली. त्यांची हाक मी ओळखतो, ही वेगळी होती. खाली गेलो तर केतकर खुर्चीत उजवीकडे कलले होते. चहाचा कप मांडीवर सांडलेला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. ते काहीतरी सांगत होते, पण शब्द बनत नव्हते. एक ओला, लांबट आवाज येत होता.

रुग्णवाहिकेला फोन केला. पलीकडची मुलगी नम्र होती. “गाडी पाठवते सर, पण रस्त्यावर गर्दी आहे, किती वेळ लागेल सांगता येणार नाही.” त्याच क्षणी बाहेर एकदम आरडाओरडा झाला आणि फटाके सुरू झाले. आपण जिंकलो होतो.

आमच्या कोपऱ्यावर तांबे नावाचे रिक्षावाले उभे असतात. धानोरीकडचे, विश्रांतवाडीच्या पुढचे. त्यांनी आणि मी केतकरांना उचलून रिक्षात बसवलं. वहिनी मध्ये, केतकरांचं डोकं त्यांच्या खांद्यावर, मी कडेला. ज्या रुग्णालयात अशा आजाराची सोय आहे ते लकडी पुलापलीकडे, कर्वे रस्त्याला. पूल ओलांडला आणि डेक्कनच्या तोंडाशी रिक्षा थांबली.

मी आयुष्यभर अशा गर्दीबद्दल लिहिलं, पण ते तिच्या बाहेर उभं राहून. आतून ती वेगळी असते. माणसं दिसत नाहीत, कापड दिसतं. निळे टी-शर्ट, तोंडाला रंग, मोबाइलचे दिवे. डाव्या हाताला एक बस उभी होती, तिच्या मागच्या काचा फुटत होत्या. पुढे कपड्यांचा एक स्टॉल पेटला होता. तो विझवायला कुणी धावत नव्हतं, त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढत होते. कुठेतरी पोलिसांची शिट्टी वाजत होती, पण ती लांब होती.

पाच-सहा मुलं रिक्षाला भिडली. दोघं टपावर चढली. बाकीच्यांनी दोन्ही बाजूंनी धरून ती हलवायला सुरुवात केली.

“आरं पेशंट हाय आत!” तांबे ओरडले. “लेकरांनो, पेशंट हाय, सोडा!”

एक मुलगा आत वाकला. वय कॉलेजचं. गालांवर तिरंगा. “काका, इंडिया म्हणा! एकदा इंडिया म्हणा, लगेच सोडतो!”

“अरे, त्यांना बोलता येत नाहीये,” वहिनी म्हणाल्या.

केतकरांनी तोंड उघडलं. तोच आवाज आला. लाळ हनुवटीवर ओघळली.

मुलगा बाहेरच्यांकडे बघून हसला. “काका ऑलरेडी फुल्ल आहेत रे! काकांनी मॅच संपायच्या आधीच सेलिब्रेट केलंय!”

मोठा हशा झाला. मग एकजण म्हणाला, “काकू, घरी नीट न्या हं त्यांना.” हे त्याने खरोखर काळजीने म्हटलं. रिक्षाची समोरची काच कशी फुटली ते मला दिसलं नाही, फक्त आवाज आला. मी ओरडत होतो, अर्धांगाचा झटका आलाय, रुग्णालयात चाललोय. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. दरम्यान एक भोंगा वाजून लांब गेला. रिक्षा सुटली ती मुलं आपोआप दुसरीकडे गेली म्हणून.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मोजकं बोलणाऱ्या. वहिनींनी त्यांना विचारलं, “लवकर पोचलो असतो तर?”

“या आजारात जितकं लवकर तितकं बरं,” त्या म्हणाल्या. “पण तुमच्या बाबतीत किती फरक पडला असता हे मी सांगू शकत नाही. सांगितलं तर खोटं होईल.”

केतकर वाचले. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. त्यांना सगळं कळतं. चित्रकलेचा मास्तर आणि नारायण पेठेतली जीभ, दोन्ही एकाच संध्याकाळी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन रुग्णालयात गेलो. वहिनींच्या हातात त्या सकाळचा पेपर होता, मी जिथे काम करायचो तोच. त्यांनी बोट ठेवून मला एक वाक्य दाखवलं. ‘एवढ्या गर्दीतही डेक्कन येथे तरुणांनी रुग्णवाहिकेला वाट करून देत माणुसकीचे दर्शन घडवले.’

“कुठल्या रुग्णवाहिकेला हो भावजी?”

मला खात्री होती की हे आधीच लिहून ठेवलेलं वाक्य आहे. ते तिथे कसं येतं हे मला माहीत होतं.

“आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर सकाळपासून हेच फिरतंय,” त्या म्हणाल्या. “किती गुणी मुलं, म्हणे. अंगठ्यांवर अंगठे. मला तक्रार करायची नाही. पोलीस नकोत. चेहरेही मी ओळखले नाहीत, सगळ्यांना रंग होता. फक्त एक छापून आणा.”

“काय?”

“हे प्यायलेले नव्हते.”

मी पुढचं ऐकायला थांबलो. पुढचं काही नव्हतं.

“आयुष्यात थेंब घेतला नाही त्यांनी. शाळेच्या निरोप समारंभालासुद्धा पन्हं मागितलं म्हणून हसले होते लोक. ती मुलं घरी जाऊन सांगत असतील, एक बेवडा म्हातारा भेटला होता, मजा आली. त्यांना कळायला नको का?”

मी कार्यालयात गेलो. निवृत्तीनंतर तिथे जाणं मी टाळतो. आताचे संपादक माझ्या हाताखाली बातम्या लिहायला शिकले. त्यांनी उभं राहून खुर्ची दिली, सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “सर, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून बातमी करायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत. इथे तर तुम्ही शेजारीही आहात आणि रिक्षातही होतात. दुसरं कोणी आहे?”

रिक्षावाले तांबे होते. त्यांना मी आदल्या रात्रीच विचारलं होतं. “नाव नगा घालू साहेब,” ते म्हणाले होते. “मला त्याच चौकातनं रोज जायाचं हाय. काच बसवीन मी, तोंड कुठं बदलू?”

मग संपादकांनी ती बातमी देणाऱ्या मुलीला बोलावलं. पल्लवी तिचं नाव, अमरावतीची, पुण्यात शिकायला आली आणि इथेच राहिली. मी तिला सरळच विचारलं, “रुग्णवाहिका तुम्ही पाहिलीत, की ते वाक्य तयार होतं?”

तिचा चेहरा उतरला नाही. “सर, तयार होतं. पण मी पाहिलीसुद्धा. नसती पाहिली तर काढलं असतं. माझ्याकडे व्हिडिओ आहे.”

तिने फोन पुढे धरला. कोपऱ्यावरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून तिने चित्रण केलं होतं. भोंगा वाजतो, गर्दी दुभंगते, दोन्ही बाजूंची मुलं एकमेकांचे हात धरून साखळी करतात, रुग्णवाहिका मधून जाते, टाळ्या पडतात. शेकडो मोबाइल वर. सगळं खरं होतं. वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता.

“वेबसाइटवर उभा तुकडा कापून टाकलाय,” ती म्हणाली. “हा मूळ आहे, आडवा.”

मूळ चित्रणात डाव्या कडेला एक रिक्षा होती. तिच्या टपावर दोन मुलं बसलेली. रिक्षा होडीसारखी डुलत होती. टपावरच्या दोघांनीही रुग्णवाहिका जाताना टाळ्या वाजवल्या. मग ती गेली आणि रिक्षा पुन्हा डुलायला लागली.

पल्लवीने ते दोनदा पाहिलं. “सर, ही तुम्ही?”

“हो.”

“मी हे रात्री इतक्या वेळा पाहिलंय,” ती म्हणाली. “मला वाटलं, कुणीतरी एन्जॉय करतंय.”

दुसरा पुरावा मिळाला होता. संपादक तयार झाले. अडलं ते वहिनींच्या वाक्यावर.

“तेवढं नको सर,” ते म्हणाले. “‘रुग्ण प्यायलेला नव्हता’ असं छापलं की वाचक ‘रुग्ण प्यायलेला होता’ असंच वाचतो. कुणी आरोपच केलेला नाही, मग खुलासा कशाचा? तुम्ही डेस्कवर असतात तर काय केलं असतंत?”

मी डेस्कवर असतो तर ते वाक्य कापलं असतं. एवढ्या वर्षांच्या कामात ज्या थोड्या गोष्टींबद्दल मला खात्री वाटते त्यांतली ही एक. मी तसं सांगितलं. पल्लवी माझ्याकडे पाहत राहिली.

बातमी आतल्या पानावर आली. ‘जल्लोषात रुग्णाची रिक्षा अडकली.’ नारायण पेठेतील एका ज्येष्ठ नागरिकाला उपचारांसाठी नेत असताना डेक्कन परिसरात जमावाने रिक्षा अडवली, समोरची काच फुटली, रुग्णालयात पोचण्यास विलंब झाला. नाव नव्हतं, गल्ली नव्हती. मुलं काय म्हणाली हे नव्हतं. बातमी म्हणून तिच्यात उणं काढण्यासारखं काही नव्हतं.

वहिनींनी ती उभ्यानेच वाचली. “यात ते नाहीच,” त्या म्हणाल्या.

मी त्यांना संपादकांचं कारण समजावून सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं. “तुमचं बरोबर असेल भावजी,” एवढं म्हणाल्या आणि केतकरांना भात भरवायला गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी मला त्या विषयावर काही विचारलं नाही. मला ते रागावण्यापेक्षा जड गेलं.

नाव छापलं नसलं तरी रिक्षा कुणाची होती हे पेठेत कळायला वेळ लागत नाही. केतकर घरी आल्यावर माणसं भेटायला येऊ लागली. तळमजल्यावरच्या बाई आल्या, बसायच्या आधीच म्हणाल्या, “आमचा रोहन त्या दिवशी क्लासला होता हं.” वहिनी म्हणाल्या, “मी कुठे काय म्हटलं?” बाई म्हणाल्या, “नाही, आपलं सांगून ठेवते.” त्या गेल्यावर केतकरांनी डावा हात हलवून दाराकडे बोट केलं आणि तोंडाने काहीतरी आवाज काढला. तो विनोद होता हे आम्हा दोघांनाही कळलं. कुठला ते कळलं नाही.

नंतर एका दुपारी मोहितेबाई आल्या. गल्लीच्या टोकाला त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे. केतकर आजारी पडल्यापासून या घरी पोळ्या तिथूनच येतात. मीही तेव्हा तिथेच बसलो होतो. त्यांनी घडीच्या पोळ्यांचा डबा ठेवला, केतकरांकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

“कसे आहेत काका?”

“आहेत तसेच,” वहिनी म्हणाल्या. “बसा, चहा टाकते.”

“नको काकू, दुकान उघडं टाकून आलेय.” तरी त्या बसल्या. पदराच्या टोकाने खुर्चीचा हात पुसत राहिल्या. “पेपरात वाचलं. फार वाईट झालं. आमचा सिद्धेश तिथे नव्हता हो, मी त्याला पाठवतच नाही असल्या गर्दीत.”

“बरं केलंत.”

“हल्लीची पोरं वाईट नसतात काकू. गर्दीत काय, कळत नाही कुणाला काही. आजारी आहेत हे माहीत असतं तर कोण कशाला हात लावेल? त्यांना आपलं वाटलं की काका जरा घेऊन आलेत.”

मोहितेबाईंचा पुसणारा हात थांबला. पेपरात तसं कुठेही आलेलं नव्हतं. कार्यालयाबाहेर मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, वहिनींनीही नाही. तांबे असल्या गोष्टी बोलत फिरणारे नव्हेत.

मी वहिनींकडे पाहिलं. बातमीदार असतो तर इथे पुढचा प्रश्न विचारला असता, आणि तो मला सुचलाही होता. वहिनींनी मला हाताने थांबवलं. त्या उठल्या, केतकरांच्या हनुवटीवरची लाळ रुमालाने टिपली आणि मोहितेबाईंच्या शेजारी येऊन बसल्या.

“सिद्धेश घरी आहे का आत्ता?”

“नाही... कॉलेजला गेलाय.”

“आला की त्याला सांगा,” वहिनी म्हणाल्या, “काका घेत नाहीत. कधीच घेत नाहीत. तेवढंच सांगा, बाकी काही नको.”

मोहितेबाईंनी मान हलवली. चहा न घेताच गेल्या. पोळ्या दुसऱ्या दिवशीही आल्या, नेहमीच्या वेळेला, पण डबा घेऊन दुकानातली कामाची बाई आली.

सिद्धेश वहिनींना रस्त्यात भेटतो. तो मान खाली घालून बाजूने निघून जातो. तो पूर्वीपासूनच तसा आहे, असंही इमारतीतले काहीजण म्हणतात. त्याच्या आईने त्याला निरोप दिला की नाही, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. वहिनी त्याला थांबवून विचारत नाहीत.